घुमटावरचे दुसरे छप्पर

बायझंटाईन चर्च म्हटले की डोळ्यांपुढे घुमट उभा राहतो. सायप्रसच्या ट्रूडोस डोंगरांत मात्र पाहुणा हमखास चकतो. काकोपेत्रिया गावाजवळ सेंट निकोलसचे चर्च आहे. बाहेरून पाहावे तर उंच आढ्याचे, दोन्ही अंगांनी खाली झुकलेले भलेमोठे कौलारू छप्पर दिसते; एखाद्या सधन शेतकऱ्याचे धान्याचे कोठार वाटावे असे. आत पाऊल टाकले की वर घुमट आहे, कमानी आहेत, भिंतीभर चित्रे आहेत. ही वास्तू अकराव्या शतकापासून उभी आहे. छप्पर त्यानंतर आले आणि त्याने घुमट पोटात घेतला. लोक या चर्चला 'आयिओस निकोलाओस तिस स्तेगिस', म्हणजे 'छपराचा सेंट निकोलस' म्हणू लागले, ते या छपरामुळेच.

एका देखण्या घुमटावर लाकडाचे आणि कौलांचे आणखी एक छप्पर चढवावे असे कोणाला आणि का वाटले, त्याची ही कथा.

सुरुवात राजकारणापासून करावी लागते. सातव्या शतकाच्या अखेरीपासून सायप्रसचा महसूल बायझंटाईन सम्राट आणि अरब खलिफा अर्धा अर्धा वाटून घेत असत. 965 मध्ये सम्राट निकेफोरोस फोकासच्या काळात बेट पुन्हा पूर्णपणे साम्राज्यात आले. पुढे तुर्कांनी अनातोलियाचा मोठा भाग घेतला, पहिले धर्मयुद्ध सुरू झाले आणि कोपऱ्यातले हे बेट एकाएकी मोक्याचे ठाणे बनले. अलेक्सिओस कोम्नेनोस सम्राट असताना राजधानीतून बडे अधिकारी इथे येऊ लागले. त्यांच्याबरोबर पैसा आला, कॉन्स्टँटिनोपलच्या वळणाची चित्रकला आली आणि पुण्यासाठी चर्च बांधण्याची हौसही आली.

अशांपैकी एक निकेफोरोस. 'माजिस्त्रोस' हा मानाचा किताब त्याच्याकडे होता. निकितारी गावाच्या वरच्या अंगाला, असिनूच्या खोऱ्यात त्याने देवमातेचे चर्च उभारले. आतल्या लेखात त्याचे नाव आहे, सम्राट अलेक्सिओसचे नाव आहे आणि बायझंटाईन कालगणनेतले 6614 हे वर्ष आहे. म्हणजे आपल्या हिशेबाने चित्रे 1105-06 मध्ये पूर्ण झाली.

असिनूची वास्तू लहान आहे. एकच लांबट दालन, त्यावर दगडी पिंपाकार छत, छताला आतून आधार देणाऱ्या आडव्या कमानी आणि पूर्वेला गाभाऱ्याचा अर्धगोल. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेला नार्थेक्स, म्हणजे प्रवेशाचा आडवा मंडप जोडला गेला. त्याच्या उत्तर-दक्षिण टोकांनाही अर्धगोल कोनाडे आहेत. ही रचना राजधानीतली. डोंगरातल्या गवंड्याने ती आपल्या ओबडधोबड दगडांत उतरवली.

पश्चिमेकडच्या भागात सेबास्तेच्या चाळीस हुतात्म्यांचे चित्र आहे. ते जवळून पाहण्याजोगे आहे. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून चाळीस सैनिकांना गोठलेल्या तळ्यावर उघडे उभे केले गेले, काठावर मात्र गरम पाण्याचे स्नानगृह तयार ठेवले, अशी ही आख्यायिका. चित्रकाराने चाळीसही जण गर्दीने उभे केले आहेत. कोणी हात छातीशी आवळून घेतलेत, कोणी शेजाऱ्याला धरले आहे. पांढऱ्या दाढीचे म्हातारे आहेत, मिसरूडही न फुटलेली पोरे आहेत. वरून त्यांच्यासाठी मुकुट उतरताहेत. एकाचा धीर सुटतो आणि तो स्नानगृहाकडे वळतो. त्याची जागा पहारेकरी घेतो. थंडीने आकसलेली माणसाची कातडी रंगात इतक्या नेमकेपणाने पकडणारा हा चित्रकार त्या काळातल्या उत्तम हातांपैकी एक होता. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही.

आणि गोठणारे पाणी हाच या चित्राचाही शत्रू होता.

ट्रूडोसचे सर्वात उंच शिखर, ऑलिंपस, 1,952 मीटर आहे. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर हिवाळ्यात बर्फ पडतो तो मुख्यतः इथेच. घुमट आणि पिंपाकार छत हे मुळात कोरड्या सखल प्रदेशाला मानवणारे प्रकार. बर्फ त्यांच्या माथ्यावरून नीट घसरत नाही. तो खोबणीत, कमानींच्या सांध्यात, घुमट भिंतीला मिळतो तिथल्या वळचणीत साचतो. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, आणि गोठताना फुगून चुन्यातली भेग रुंदावतो. ओल आत झिरपली की गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर येतात, रंगाचा थर फुगतो आणि पोपडे धरतो. भित्तिचित्राला याहून वाईट काही नाही, कारण तिथे चित्र आणि भिंत सहज वेगळी काढता येत नाहीत. असिनूतही गाभाऱ्याच्या अर्धगोलाचा वरचा भाग पुढे ढासळला, तो पुन्हा बांधून चौदाव्या शतकात नव्याने रंगवावा लागला आणि बाहेरून त्याला टेकू द्यावा लागला.

यावर उपाय डोंगरातच होता. उतारांवर पाइनची दाट जंगले होती आणि सुतार होते. त्यांनी जुन्या छताला हात न लावता त्याच्यावर लाकडी सांगाडा उभा केला: तुळया, आढे, तीव्र उताराचे वासे आणि त्यांवर आडव्या रिपा. कौले सपाट आयताकृती. प्रत्येक कौलाच्या पाठीला एक छोटा आकडा, तो रिपेत अडकवायचा. त्यामुळे एवढ्या उतारावरही कौल घसरत नाही. दगडी छत आणि लाकडी छप्पर यांच्यामध्ये पोकळी राहते, तिथून वारा खेळतो, खालचा दगड कोरडा राहतो.

मग छप्पर भिंतींच्याही पुढे वाढू लागले. लागूदेरा इथल्या 'पानायिया तू आराका' या चर्चला ते तिन्ही बाजूंनी इतके खाली आले आहे की भोवताली पडवीच तयार झाली आहे आणि तिला बाहेरून लाकडी जाळी आहे. आत घुमटात ख्रिस्ताचे भव्य मुख आहे, खिडक्यांच्या मधल्या जागांत संदेष्टे उभे आहेत. ही चित्रे डिसेंबर 1192 ची. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सायप्रस जिंकून घेतले होते आणि 1192 मध्ये बेट फ्रेंच लुसिन्यान घराण्याच्या हाती गेले. बायझंटाईन सत्ता संपल्यावर सुमारे दीड वर्षाने, डोंगरात, बायझंटाईन कलेतले एक सर्वात तलम काम पुरे होत होते.

हे दुसरे छप्पर नेमके लुसिन्यानांच्या काळात रुळले. त्यामुळे ही सुतारकी पश्चिम युरोपातून आली की इथलीच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परकीयांचा वावर तर डोंगरातही होता. काकोपेत्रियाच्याच चर्चमधली सेंट निकोलसची तेराव्या शतकातली मोठी प्रतिमा आता निकोसियाच्या बायझंटाईन संग्रहालयात आहे. तिच्यात संताच्या पायाशी एक लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपी, सरदार, त्याची बायको आणि त्याचा घोडाही रंगवला आहे. असिनूच्या नार्थेक्समध्ये रंगवलेली शिकारी कुत्री आणि रानमेंढाही सरदारी शिकारीची आठवण करून देतात. तरीही पाइन, बर्फ आणि गळणारे छत या तीन गोष्टी समोर असताना उत्तर फार दूर शोधावे असे वाटत नाही. परदेशी सुताराने एखादा सांधा शिकवला असेल. गरज इथलीच होती.

या वंशावळीतले खरे वळण 1280 मध्ये येते. मूतूलास गावात योआनिस मूतूलास आणि त्याची बायको इरिनी यांनी एक छोटे खासगी चर्च बांधले. त्याला घुमट नाही आणि दगडी कमानही नाही. चार भिंती आणि त्यांवर थेट उतरते लाकडी छप्पर. दुरुस्तीसाठी आलेली गोष्ट इथे वास्तूच झाली. वर्ष नक्की माहीत असलेल्या अशा चर्चांमध्ये हे सर्वात जुने गणले जाते.

घुमट गेला तसा चित्रकारांपुढे पेच आला. ख्रिस्त घुमटात, त्याच्याखाली संदेष्टे, मग सुवार्तेचे प्रसंग आणि जमिनीजवळ संत, ही बायझंटाईन मांडणी वरून खाली उतरत येते. वरची जागाच नाहीशी झाल्यावर प्रसंग भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांनी आले आणि पूर्व-पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतींना मान मिळाला. शेजारच्या पेदूलासमधले देवदूत मायकेलचे चर्च 1474 चे. त्याचा दाता वासिलिओस नावाचा धर्मगुरू, चित्रकार मिनास. दाराच्या वर वासिलिओस सहकुटुंब रंगवला आहे आणि तो आपल्या चर्चची छोटी प्रतिकृती मायकेलला अर्पण करतो आहे. 1494 मध्ये प्लातानिस्तासा गावाजवळ फिलिप गूल या चित्रकाराने 'स्तावरोस तू आयिआस्माती' रंगवले, तेही अशाच लाकडी छपराखाली.

कालोपानायिओतिसच्या योआनिस लाम्पादिस्तिस मठात तर छपराने आणखी मोठे काम केले आहे. तिथे अकराव्या शतकातले घुमटाचे चर्च आहे, त्याला लागून संताच्या कबरीवरचे दुसरे आहे आणि पलीकडे 1500 च्या सुमाराचे लॅटिन चॅपल. तीन वास्तू, वेगवेगळ्या शतकांतल्या, वेगवेगळ्या उंचीच्या. त्या तिन्हींवर आज एकच प्रचंड लाकडी छप्पर आहे.

1571 मध्ये बेट ऑटोमनांकडे गेले तेव्हाही डोंगरातली ही चर्च गावांच्याच हातात राहिली. फुटलेले कौल तेवढे काढून नवे अडकवायचे, कुजलेला वासा बदलायचा, हे काम पिढ्यान् पिढ्या चालू राहिले. म्हणूनच 1960 च्या दशकात डम्बर्टन ओक्स या अमेरिकी संस्थेचे तज्ज्ञ असिनूत आणि लागूदेरात पोहोचले, तेव्हा मेणबत्त्यांच्या काजळीखाली त्यांना रंग जागेवर सापडले. युनेस्कोने 1985 मध्ये ट्रूडोसमधली नऊ चर्च जागतिक वारशाच्या यादीत घेतली, आणि 2001 मध्ये पालेखोरीचे दहावे.