'अहस्तक्षेप' नावाचा हस्तक्षेप : स्पेन १९३६-३९

ऑर्वेल, हेमिंग्वे आणि पिकासो यांच्यामुळे स्पेनची यादवी आपल्याला ध्येयवेड्या स्वयंसेवकांचे युद्ध म्हणून परिचित आहे. परंतु या युद्धाचा निकाल घडवण्यात लंडनमधील एका समितीचा वाटाही मोठा होता आणि तिची आठवण साहित्याने फारशी जपलेली नाही.

जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको व अन्य लष्करी अधिकाऱ्यांनी लोकनियुक्त प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केले. फ्रान्समध्ये तेव्हा लेऑं ब्लूम यांचे सरकार होते, तेही डाव्या आघाडीचेच. तरीही देशांतर्गत दुफळी आणि ब्रिटनची नाराजी ओळखून ब्लूम यांनी 'अहस्तक्षेपा'चा प्रस्ताव मांडला. २७ राष्ट्रांनी तो स्वीकारला. ९ सप्टेंबर रोजी लंडनमध्ये समितीची पहिली बैठक झाली. जर्मनी, इटली व सोव्हिएत रशिया हे तिघेही तिचे सदस्य होते!

त्याआधीच जर्मन विमानांनी फ्रँकोचे सैन्य मोरोक्कोतून स्पेनमध्ये आणण्यास सुरुवात केली होती. पुढे इटलीने ७०,००० हून अधिक सैनिक धाडले. रशियाने सरकारला शस्त्रे पुरवली खरी. पण त्यांच्या किमतीपोटी स्पेनचे सुमारे ५१० टन सोने मॉस्कोला गेले. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका बेचिराख झाले, त्यानंतरही समितीचे कामकाज चालूच राहिले.

मान्यताप्राप्त सरकारला शस्त्रे विकत घेण्याचा अधिकार असतो, हा आंतरराष्ट्रीय संकेत. अहस्तक्षेपाने सरकार व बंडखोर यांना एकाच मापाने मोजले आणि सरकारचा हा अधिकार काढून घेतला. बंडखोरांच्या पाठीराख्यांनी बंधन पाळलेच नाही. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकेनेही स्पेनला शस्त्रबंदी लागू केली. मात्र तेल शस्त्रांत मोडत नसल्याने टेक्साको कंपनी फ्रँकोला उधारीवर तेल पुरवत राहिली. तटस्थतेची झळ एकाच पक्षाला लागली.

सरकारांनी पाठ फिरवली तेव्हा देशोदेशींचे सुमारे ३५,००० स्वयंसेवक प्रजासत्ताकासाठी लढले. त्यांत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह असलेले हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने लढले आणि १९३८ मध्ये फ्रँकोच्या कैदेत पडले. मराठी वाचकाने हे नाव ऑर्वेलच्या जोडीने लक्षात ठेवायला हवे.

२७ फेब्रुवारी १९३९ रोजी ब्रिटन व फ्रान्सने फ्रँकोच्या राजवटीला मान्यता दिली. माद्रिद त्यानंतर महिनाभराने पडले.