कानाला वारा हवा: अडीचशे वर्षांची शोधकथा

घाट उतरताना कानाला दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, कान मोकळे होतात. हे रोजचंच आहे; पण वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाचं मूळ पुष्कळदा याच साध्या क्रियेच्या बिघाडात असतं.

पडद्यामागे मधल्या कानाची पोकळी आहे. तिथली हवा आतलं अस्तर सतत शोषत असतं आणि नाकाच्या मागून येणारी एक नळी ती भरून काढते. नळी अडली की आतला दाब घटतो, पडदा आत ओढला जातो, पाणी साचतं. हेच लांबलं तर ओढलेल्या पडद्याचा खिसा होतो, त्यात कातडीचा मळ साठतो आणि हाड पोखरणारा रोग जडू शकतो.

या नळीचं सविस्तर वर्णन युस्टाकी यांनी सोळाव्या शतकात केलं. 1704 मध्ये इटलीच्या वाल्साल्वा यांनी तिला त्यांचं नाव दिलं. नाक-तोंड मिटून श्वास दाबायची त्यांची युक्ती आपण आजही विमानात करतो. त्यांना मात्र तिने कानातला पू बाहेर काढायचा होता! 1724 मध्ये व्हर्सायचे पोस्टमास्तर ग्युयो यांनी तोंडातून वाकडी नळी घालून स्वतःचाच बहिरेपणा घालवल्याचं सांगितलं. म्हणजे पहिला धाडसी प्रयोग डॉक्टरचा नव्हता.

आता खरी गंमत पाहा. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी वेगळा विचार केला: नळी बंद आहे ना, मग पडद्यालाच भोक पाडू. काही रुग्णांना लगेच ऐकू येऊ लागलं. 1801 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मिळालं. पण भोक भरून यायचं आणि बहिरेपण परतायचं. शिवाय कारण न पाहता वाटेल त्या बहिऱ्याचा पडदा टोचला जाऊ लागला. शेवटी कूपर यांनी ही शस्त्रक्रियाच सोडली. कल्पना बरोबर होती, पण भोक उघडं ठेवायचं साधन नव्हतं आणि रुग्ण निवडण्याची शिस्तही नव्हती.

पुढे 1863 मध्ये व्हिएन्नाच्या पोलित्झर यांनी नाकातून रबरी फुग्याने हवा भरण्याची रीत सांगितली. पडद्यात रबरी कडी बसवूनही त्यांनी पाहिलं. ती टिकली नाही. 1954 मध्ये अमेरिकेच्या आर्मस्ट्राँग यांनी प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली आणि ती रीत रुजली. तिलाच आपण ग्रोमेट म्हणतो.

ग्रोमेट मूळ नळी दुरुस्त करत नाही, हे लक्षात ठेवू. ते फक्त वेळ मिळवून देतं. मुलाची नळी आखूड आणि आडवी असते, वाढीबरोबर ती सुधारते; ग्रोमेट साधारण वर्षभरात आपोआप गळून पडतं. म्हणून वर्गात लक्ष न देणाऱ्या पोराला रागावण्याआधी आपण त्याचा कान तपासून घेऊ. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल.