गंजिफाचे रंग आणि पडद्यावरचे आकडे

पत्त्यांच्या खेळात इस्पिक, बदाम यांना आपण ‘रंग’ म्हणतो. सावंतवाडीच्या गंजिफात तो शब्दशः रंग असतो. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा गोल पाने, एकूण 120. चिन्ह बारीक असले तरी पानाच्या जमिनीच्या रंगावरून अवतार ओळखता येतो. जमिनीचा रंग फसला तर डावच फसेल.

हाताने रंगवणाऱ्या चिताऱ्याला ही अडचण फारशी नाही. बारा पानांची जमीन एकाच वाटीतल्या रंगाने रंगवली की झाले! चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले कापड, त्यावर खडूचा लेप, मग रंग आणि शेवटी लाख, अशी ही जुनी रीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ती संपतच आली होती. 1970च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, म्हणून टिकली. आज दूरच्या अभ्यासकाला हे पान बहुधा संगणकाच्या पडद्यावरच भेटते, आणि तिथे एक वाटी पुरत नाही.

संगणकात चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255. नक्कल करताना आकडे बदलत नाहीत. मग रंग का बदलतो? कारण 128 या आकड्याने किती प्रकाश पडावा हे पडदा ठरवतो. 128 ला 255 ने भागून भागाकाराचा 2.2 वा घात काढला तर पूर्ण प्रकाशाच्या सुमारे 22 टक्के येतात, 1.8 वा घात काढला तर 29 टक्के. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) ॲपलचे मॅकिंटॉश संगणक 2009 पर्यंत 1.8 धरून चालत, विंडोजचे साधारण 2.2. मॅकवर नीट दिसणारे चित्र विंडोजवर काळवंडे ते यामुळे. शिवाय पांढऱ्याबद्दलही एकमत नव्हते. जुने काचनळीचे पडदे बरेचदा 9300 केल्विनचा निळसर पांढरा दाखवत.

पूर्वी भाताची पायली गावागणिक वेगळी असे. ‘दोन पायल्या’ एवढ्याने भागत नसे, कुठली पायली तेही सांगावे लागे. रंगाची सर्वमान्य पायली मात्र संगणकाच्या आधीच तयार होती. 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी स्वतंत्रपणे काही जणांना बसवून तीन मूळ प्रकाश कमी-जास्त करत समोरच्या रंगाशी जुळवायला लावले. राइटचे निरीक्षक दहा, गिल्डचे सात. या सतरा जणांच्या डोळ्यांवरून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने 1931 साली ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. साऱ्या जगाचे रंगमापन इतक्या थोड्या डोळ्यांवर उभे राहिले, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

1993 साली संगणक व छपाई क्षेत्रातल्या कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापला, तो या मापाचा उपयोग करण्यासाठी. चित्रासोबत ‘प्रोफाइल’ नावाची छोटी फाइल जाते. या आकड्यांचा अर्थ प्रमाण निरीक्षकाच्या भाषेत काय, हे ती सांगते. पडद्याचीही अशीच प्रोफाइल असते. दोन्ही ताडून संगणक आकडे बदलतो, म्हणजे रंग तोच राहावा. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ हा सामाईक करार सुचवला, 1999 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचा पांढरा 6500 केल्विनच्या आसपासचा.

प्रोफाइल कॅमेऱ्याने टिपलेला रंग पोहोचवते, चिताऱ्याने लावलेला नव्हे. लाख जुनी होऊन पिवळी पडली की खालचा निळा हिरवट दिसतो, आणि निळ्या रंगाचे पान हिरव्या अवतारात जाऊन बसू शकते. काही जण फोटोतला पिवळेपणा संगणकावर पुसून मूळ फाइल टाकून देतात. हे आम्हाला मुळीच पटत नाही. पुसलेली प्रत वेगळी ठेवावी, आणि फोटो घेताना पानाशेजारी करड्या रंगाचे प्रमाणपत्रक ठेवून प्रकाश उन्हाचा होता की दिव्याचा, हे लिहून ठेवावे.