स्वयंपाकघरातील कपाटांचे रंगकाम

स्वयंपाकघरातील कपाटांचा नवा रंग वर्षभरातच सुटू लागला, तर दोष बहुधा रंगाचा नसतो. तो रंगाखाली राहून गेलेल्या तेलकटपणाचा असतो. फोडणीसोबत उडणारे तेल मुठींभोवती व शेगडीवरच्या दारांवर साचून चिवट होते. ते न काढता घासकाम केल्यास तेल पृष्ठभागात अधिकच भिनते. म्हणूनच जाणकार रंगारी दारे बिजागऱ्यांपासून सोडवून त्यांवर क्रमांक घालतो, साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने ती पुसतो, पुरती सुकू देतो आणि मगच पॉलिश पेपर हाती घेतो. या कामाला रंग मारण्याहून अधिक वेळ लागतो. दर ठरवताना ग्राहक नेमका हाच वेळ कापू पाहतो.

प्लायवूडला लांबी व प्रायमर पुरतो. एमडीएफच्या कडा रंग शोषतात, त्या आधी सीलरने बंद कराव्या लागतात. सनमायका खरवडून त्यावर चिकट पकडीचा खास प्रायमर द्यावा लागतो. मात्र पाणी लागून फुगलेले दार रंगवण्यात अर्थ नाही. ते बदललेलेच बरे.

गोव्यात खरा प्रश्न हवेचा आहे. चवथीपूर्वी घर रंगवण्याची प्रथा जुनी, पण ते दिवस पावसाचे. दोन घटकांच्या पीयू रंगातील हार्डनर दमटपणाशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उमटतात. लॅकरवर पांढुरकी झाक येते. स्प्रेने करावयाचे असे काम पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत घेणे शहाणपणाचे. याच हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, त्यामुळे फवारणाऱ्याला नाकावरचा रुमाल पुरत नाही. योग्य श्वसनमुखवटाच हवा.

जुन्या घरांतील तैलरंगाच्या फडताळांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी घातली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरड्या घासकामातून उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. असा रंग ओल्या पॉलिश पेपरनेच घासावा, धूळ झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपावी. काम संपेपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांना दुसरीकडे ठेवावे आणि खाण्याचे डबे आधीच बाहेर काढावेत.

पीयूचा शेवटचा हात काही तासांत हाताला कोरडा लागतो, परंतु पूर्ण कडक होण्यास सुमारे आठवडा जातो. तोवर दारे ओल्या फडक्याने पुसू नयेत.