‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ : निजामी राजवटीतील परकेपणाचा अर्थ

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित असलेले गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होते. तेथे जन्मलेला मराठी भाषक ‘मुलकी’ ठरे. मुंबई इलाख्यातील बार्शीहून परभणीस आलेला मराठी भाषक मात्र ‘गैरमुलकी’. उलट, वरंगळचा तेलुगू भाषक परभणीतही मुलकीच होय. परकेपणाची ही व्याख्या भाषेवरून नव्हे, राज्यसीमेवरून केलेली होती.

पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) कारभाराची नवी घडी बसविण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून सुशिक्षित अधिकारी आणविण्यात आले. पुढे फार्सीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. ती या अधिकाऱ्यांस अनुकूलच होती. स्थानिकांच्या असंतोषातून मुलकी नियम उद्भवले आणि १९१९ च्या फर्मानाने ते दृढ झाले. निजामाच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकीस सरकारी नोकरी मिळू नये, हे त्यांचे सूत्र. तथापि, परक्यास मुलकी होण्याची वाटही त्यांत होती : पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मूळ स्थानी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र.

शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. मूळ अरबी ‘मुल्क’. मुंबई इलाख्याच्या मराठीत ‘मुलकी’ म्हणजे महसुलासंबंधीचा. म्हणून तेथे ‘मुलकी पाटील’. हैदराबादेत त्याच वतनदारास ‘माली पाटील’ म्हणत, आणि ‘मुलकी’ हा शब्द त्या मुलखाच्या रहिवाशाचा वाचक ठरला.

परंतु मुलकीपणाने पोखर्णीच्या तरुणास कचेरीचे दार कितपत उघडले? कचेरीची भाषा उर्दू; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. परका मनुष्य पंधरा वर्षांत मुलकी होऊ शके. मुलकी माणसाची भाषा मात्र पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत परकीच राही. नियमाने माणसाचे वास्तव्य मोजले, त्याची भाषा मोजली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बार्शी आणि परभणी एका राज्यात आल्या, आणि कालचा गैरमुलकी स्वकीय झाला. तेलंगणात मुलकी नियमांचा वाद १९७३ च्या कायद्याने ते रद्द होईपर्यंत चालला. मराठवाड्यात प्रश्नाचे रूप पालटले. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे आश्वासन १९५३ च्या नागपूर करारात समाविष्ट करावे लागले, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : भाषा एक झाल्याने परकेपणा संपला, तरी संधीची विषमता आपोआप संपत नाही.