कापसासाठी आखलेलं शहर

यवतमाळला चंडीगढसारखा एकहाती आराखडा लाभला नाही, पण म्हणून हे शहर आपसूक वाढलं असं नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे वणी जिल्ह्याचा कारभार यवतमाळातून चालू लागला. १९०५ मध्ये जिल्ह्याला नावही यवतमाळचंच मिळालं. सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या या पठारावर कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे जिनिंग-प्रेसिंग आलं. धामणगाव स्टेशनापर्यंत सडक झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरची अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे सुरू झाली. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलायची, म्हणून रुईच्या गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागत. तेवढा खटाटोप परवडत होता, कारण सगळी आखणी मुंबईला पोहोचणाऱ्या कापसाची होती. पाण्याची आखणी त्यात दुय्यमच राहिली.

स्वातंत्र्यानंतरही ही उणीव भरून निघाली नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडे आले: रहिवास पिवळा, व्यापार निळा, उद्योग जांभळा. जमिनीचा वापर वाटून देणं ही आधुनिक नगररचनेची मोठी देणगी आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. पण नकाशातले रंग उतार पाहत नाहीत. नागपूरसाठी अहवाल लिहिणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस या कायद्याच्या कितीतरी आधीचे, ‘शकुंतला’च्या काळातले; जुनी वस्ती पाडण्याआधी ती समजून घ्या, तलाव बुजवण्यापेक्षा स्वच्छ ठेवा, हा त्यांचा आग्रह. आधुनिकतेची ही दुसरी शाखा आपण फार लवकर विसरलो.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: १९०१ मध्ये गावात साडेदहा हजार माणसं होती, २०११ मध्ये एक लाख सोळा हजारांवर; एवढ्यांची तहान तलाव-विहिरींनी कशी भागणार? नाहीच भागणार. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा धरण आटलं तेव्हा टँकरमागे धावणाऱ्या शहराला बेंबळा धरणाची जलवाहिनी हवीच होती. पण ते पाणी खालून पठारावर उपसून आणायचं, म्हणजे विजेचं बिल कायमचं. वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मात्र नाल्यांतून निघून जातो, आणि त्याच नाल्यांच्या काठांवर लेआउट पडतात. वडगाव, लोहारा, उमरसरा आता शहरात आले आहेत. तिथे घरं दाटण्याआधी नाल्यांचे काठ आराखड्यात राखीव ठेवता येतील. दाटल्यावर तीच जमीन भूसंपादनाने घ्यावी लागेल, आणि तो पैसा नगरपालिकेकडे नसतो.