टिळकांचे वकीलपत्र

१९०८ सालच्या जुलैच्या आरंभी मुंबई हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. १३ जुलैला खटल्याला तोंड लागले तेव्हा मात्र आरोपीच्या बाजूने आरोपी स्वतःच उभा होता. मधल्या दिवसांत अशील आणि वकील यांच्यात काय घडले? टिळकांनी स्वतः बचाव केला हे आपण शाळेपासून ऐकत आलो, आणि त्या एकवीस तासांच्या भाषणाच्या दबदब्यामुळे वकील गेला कुठे, हे विचारायचे राहूनच जाते.

या प्रश्नाला भिडणारे कागद मोजकेच, पण भक्कम आहेत. पहिला म्हणजे न. चिं. केळकरांनी छापून काढलेला खटल्याचा समग्र वृत्तांत. दुसरा, टिळकांच्या पश्चात स. वि. बापटांनी जमवलेल्या आठवणींमधली खुद्द जीनांची आठवण. तिसरा, आठ वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका प्रकरणातला हायकोर्टाचा निकाल. तिन्ही शेजारी ठेवले की चित्र बरेच स्पष्ट होते.

जीना लिहितात त्याचा आशय असा: वकीलपत्र घेतल्यावर टिळकांशी त्यांचा गंभीर मतभेद झाला. वकील या नात्याने बचावाचा जो मार्ग आपल्याला सर्वांत हिताचा वाटतो, त्याखेरीज दुसरा मार्ग पत्करायला त्यांनी नकार दिला. ही साक्ष एका बाजूची आहे, आणि बऱ्याच वर्षांनंतरची. वकिलाने असे सांगण्यात थोडा धंद्याचा अभिमानही असतोच. तरी ती मला विश्वसनीय वाटते, कारण जीना इथे टिळकांना दोष देत नाहीत आणि स्वतःला शहाणे ठरवत नाहीत. शिवाय खटल्याचा वृत्तांत तिला पानोपानी दुजोरा देतो.

पण आधी हे अशील कोण होते ते पाहू. टिळक स्वतः एलएल.बी. होते, पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा वर्ग त्यांनी चालवला होता. ताईमहाराज प्रकरणात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कोर्टांच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवल्या होत्या. राजद्रोहाच्या खटल्याचा अनुभवही होता. १८९७ मध्ये त्यांच्या बचावासाठी बंगालच्या मित्रांच्या मदतीने कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. नामांकित वकील, रीतसर युक्तिवाद. तरीही न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या 'अप्रीती' या शब्दाचा प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला, सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध गेले, तिघे हिंदी बाजूने राहिले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या वेळी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून टिळकांचा जामीन मिळवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये न्यायासनावर बसून जीनांचा जामीन अर्ज फेटाळणारे न्यायमूर्तीही तेच. जो मुद्दा एकदा स्वतः मांडला, तोच समोरून आला तेव्हा दावरांनी नाकारला. एवढे पाहिलेल्या माणसाचा चांगल्या वकिलावर भरवसा किती उरावा?

तरी जीनांच्या कौशल्याबद्दल टिळकांची तक्रार होती असे कुठे दिसत नाही. जीना तेव्हा एकतीस वर्षांचे होते, टिळक बावन्नाच्या उंबरठ्यावर. प्रश्न वेगळाच होता. खटला केसरीतल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या दोन लेखांवरचा. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर अँग्लो-इंडियन पत्रांनी सारे खापर हिंदी चळवळ्यांवर फोडले; त्याला दिलेले हे उत्तर आहे, आणि दडपशाही हेच या बॉम्बचे मूळ असल्याचे सांगणे हा संपादकाचा हक्क आहे, असे टिळकांना ज्यूरीपुढे मांडायचे होते. आरोपीला शक्य तितक्या कमी शिक्षेत सोडवणे एवढेच ध्येय असलेला वकील हे सगळे मांडणार नाही. तो कलमाच्या शब्दांना चिकटून राहील, लेखांची धार बोथट करून दाखवील.

वृत्तांतात तीन जागी हा फरक डोळ्यांत भरतो. एक, भाषांतर. सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीतल्या साक्षीदाराला टिळकांनी एकेका मराठी शब्दावरून उलटतपासणीत धरले. मराठीचे इंग्रजी होताना शब्दाला धार कशी चढते, हे दाखवायला केसरीचा संपादकच हवा होता. दुसरी जागा एका कार्डाची. घरझडतीत पोलिसांना स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले, आणि फिर्यादी पक्षाने त्याचा पुरेपूर उपयोग केला. स्फोटक द्रव्यांच्या नव्या कायद्यावर लिहायचे होते म्हणून ती नावे टिपून ठेवली, हा खुलासा टिळकांनी स्वतःच्या तोंडाने केला. आरोपीला शपथेवर साक्ष देण्याची तेव्हा सोय नव्हती. वकील असता तर हाच खुलासा दुसऱ्याच्या तोंडून, उसना, आला असता.

तिसरी जागा मला सर्वांत बोलकी वाटते. टिळकांनी आपल्या म्हणण्याला आधार म्हणून वर्तमानपत्रांची चळत पुराव्यादाखल हजर केली. फौजदारी कार्यपद्धतीत आरोपीने पुरावा दिला की शेवटचे भाषण करण्याचा हक्क सरकारी वकिलाकडे जातो. कसलेला बॅरिस्टर ज्यूरीच्या कानात शेवटचा शब्द आपला पडावा म्हणून दहा कागद बाजूला ठेवील. टिळकांनी उलट केले. १५ ते २२ जुलै या काळात मिळून २१ तास १० मिनिटे ते बोलले, आणि त्यानंतर अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उत्तराला उठले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. त्यांच्यासाठी एवढे बोलण्यात अर्थ नाही, हे वर्ग चालवलेल्या माणसाला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. ते बोलत होते छापील वृत्तांताच्या वाचकाशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी निकाल आला: सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता.

मतभेदाने जीना दुखावले गेले का? तसे दिसत नाही. पुढे दावरांना 'सर' किताब मिळाला तेव्हा वकिलांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी योजली. तिच्या पत्रकावर जीनांनी बारला लाज वाटायला हवी अशा अर्थाचा शेरा मारल्याचे एम. सी. छागला आपल्या आत्मचरित्रात सांगतात. दावरांनी बोलावून विचारले तेव्हाही त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत.

आता तिसरा कागद. २३ जुलै १९१६, टिळकांचा साठावा वाढदिवस. सत्कार चालू असताना पोलिसांची नोटीस आली: बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत? टिळकांनी वकीलपत्र जीनांना दिले. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ऑगस्टमध्ये विरुद्ध निकाल दिला, प्रकरण हायकोर्टात गेले.

तोच अशील, तोच वकील, बचावाचा मार्गही जीनांना पसंत असलेलाच: भाषण समग्र वाचा, सुटी वाक्ये उचलू नका, टीका नोकरशाहीवर आहे, सरकारवर नाही. या वेळी वाद झाला नाही. भाषणे पाहिली की कारण सापडते. राजा वेगळा आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारे वेगळे, कारभारी बदला म्हणणे हा राजाचा द्रोह नव्हे, हा भेद टिळकांनी व्यासपीठावरूनच तपशिलात उलगडून ठेवला होता. वकिलाला जो युक्तिवाद हवा, तो मंडालेच्या तुरुंगातून परतलेल्या अशिलाने आधीच श्रोत्यांपुढे करून टाकला होता. १९०८ च्या लेखांत ही सोय नव्हती.

९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. डिसेंबरात लखनौच्या काँग्रेस–लीग कराराच्या वेळी दोघे पुन्हा एकत्र होते, या खेपेला वकीलपत्राशिवाय.